घाटातलं तेरावं गाणं

सुमतीवहिनीचं कार्ड शुक्रवारी दुपारी आलं आणि बळीरामचं जेवण ताटातच राहिलं. कार्ड प्रेमिलाने वाचलं. बळीरामला वाचता येत नव्हतं असं नाही, पण घरात आलेलं प्रत्येक कार्ड आधी आपण वाचायचं हा नियम तिने लग्नानंतर आठ दिवसांतच लावला होता, आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती.

कार्डात चारच ओळी होत्या. भिवापूरला सगळे खुशाल आहेत. माझा पाट ठरला, मंडळी पवनीची आहेत, येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी उरकून टाकू असं भाऊ म्हणतो. त्या घरातलं मला काही नको, भांडी नको, लुगडी नको. फक्त पचमढीची ती कॅसेट रविवारपर्यंत पाठवा. एकदा ऐकते आणि परत करते, तिकडे नेणार नाही.

आतल्या खोलीतला माग थांबला. मागावर बळीरामचे वडील धोंडबा बसले होते. तांडापेठेत एकेक घर माग मोडून दुसऱ्या धंद्याला लागलं होतं, तरी सत्तरी ओलांडलेल्या या म्हाताऱ्याने आपला माग सोडला नव्हता. कार्ड त्यांनी ऐकलं होतं. थोरला मुलगा देवराव काविळीने गेला त्याला तीन वर्षं झाली होती, आणि ही त्याची बायको पुन्हा संसाराला लागत होती. कोष्ट्यांत विधवेचा पाट काही नवलाचा नाही. "बरं झालं," एवढंच धोंडबा म्हणाले आणि माग पुन्हा खटखटू लागला.

बळीराम मात्र उठला, हात धुतला, दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा हात धुतला.

"आता कसं करता?" प्रेमिलाने हळूच विचारलं.

ती कॅसेट कपाटातच होती, वरच्या खणात, देवरावच्या टोपीखाली. फक्त तिच्यावर आता पचमढी नव्हती. ते कळलेली माणसं जगात दोनच, बळीराम आणि त्याची बायको.

झालं होतं असं. दहा महिन्यांपूर्वी धाकट्या बहिणीचं, तुळजाचं लग्न झालं. मंगलाष्टकं टेप करायची हे बळीरामने स्वतः होऊन अंगावर घेतलं. आता या लोकांची मंगलाष्टकं म्हणजे भटजी म्हणतो तेवढीच नसतात. मामा स्वतः रचून आणतो, मोठा काका रचून आणतो, शेजारचा मास्तर तर दोन आणतो, आणि सगळ्यांना माइक हातात पाहिजे. नवरदेव अंतरपाटामागे उभा राहून राहून आंबला, पण मामांचं आवरेना. कोरी आणलेली कॅसेट मामांमध्येच संपली. माइकवर काका उभे राहिलेले पाहून बळीराम घरात धावला, अंधाऱ्या खणात हाताला लागली ती कॅसेट उचलली, टेपात घातली आणि लाल बटण दाबलं. काका संपले, मास्तर संपले, बाजू उलटली, मग आत्याबाईंनीही हौस भागवून घेतली. दुसऱ्या दिवशी मांडव उतरवताना त्याने टेप लावला, तर पचमढीच्या जागी मोठे काका शुभमंगल सावधान करत होते.

दुकानदार गाणी भरून दिल्यावर कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन कान तोडून देतात, म्हणजे त्यावर पुन्हा काही टेप होत नाही. देवरावने ते तोडू दिले नव्हते. उद्या एखादं गाणं बदलावंसं वाटलं तर, म्हणाला होता. विणकराची सवय, शेवटचा धागा कापायला हात धजत नाही. तिथेच घात झाला.

"सरळ सांगून टाका वहिनीले," प्रेमिला म्हणाली. "चूक झाली, पुसली गेली. त्या काही खाणार नाहीत तुम्हाले."

"तिनं एवढीच एक वस्तू मागतली आपल्या घरची. आन् मी सांगू का तिच्यावर काकानं अष्टकं म्हटली?"

त्यावर प्रेमिला जे बोलली त्याने तो जास्तच अस्वस्थ झाला. सोमवारी पाट लागला, की त्यानंतर वहिनीला देवरावभाऊजींचं नाव तोंडातून काढता येणार नाही, असं ती म्हणाली. दुसऱ्याच्या घरात पहिल्याचं नाव घेत नाहीत. म्हणून तिने सोमवारच्या आत मागितली आहे.

त्या दुपारीच बळीरामने ठरवलं. सगळी कॅसेट पुन्हा भरायची, तीच गाणी, त्याच क्रमाने. हातात नऊ दिवस होते.

गाणी कशी आठवायची याची त्याला मुळीच काळजी नव्हती, कारण ती त्याला रस्त्यासकट पाठ होती. एकोणऐंशी सालच्या जानेवारीतली गोष्ट. तेव्हा बळीराम इतवारीतल्या एका सेठची अँबॅसिडर चालवत होता. सेठचा कुटुंबकबिला पचमढीला गेलेला, त्यांना आणायला गाडी रिकामी जाणार होती. सेठला दया आली म्हणा किंवा डोकेदुखी टळावी म्हणून म्हणा, त्याने परवानगी दिली: जाताना भावाला-भावजयीला ने, येताना त्यांचं ते पाहतील. देवरावचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. सुमतीने उमरेडपलीकडचं भिवापूर आणि अलीकडचं नागपूर सोडून तिसरं गाव पाहिलं नव्हतं. देवरावने मित्राकडून दुबईचा टेप मागून आणला, सीताबर्डीवर भैय्याजींच्या दुकानात दोन संध्याकाळी उभं राहून गाणी निवडली, आणि तिघं निघाले.

टेपात चार मोठे सेल लागत आणि ते भुकेल्या माणसासारखे संपत. म्हणून देवरावने कायदा केला होता: एका गावाला एक गाणं. गाणं संपलं की टेप बंद, पुढचं गाव आलं की पुढचं गाणं. सुमती पुढच्या गावाची पाटी शोधत खिडकीतून अर्धी बाहेर. साठ मिनिटांची कॅसेट त्याने अशी सहा तासांच्या रस्त्यावर पसरून टाकली, आणि म्हणून बळीरामच्या डोक्यात प्रत्येक गाणं एकेका गावाला खिळ्याने ठोकल्यासारखं बसलं होतं.

शनिवारी संध्याकाळी तो भैय्याजींच्या दुकानात उभा राहिला. एवढीशी जागा, तीन भिंतींना तबकड्या, चौथ्या भिंतीऐवजी गिऱ्हाईक. भैय्याजी पाकिटावर क्रमांक घालत गेले आणि बळीराम सांगत गेला. कोराडी नाक्यावर शिट्टीने सुरू होणारं. सावनेरला ते दोघांचं, ज्यात ती बाई चार मिनिटं नाही नाही म्हणते आणि शेवटी हो म्हणते. तिथे फाटकाला गाडी थांबली होती आणि देवरावने खिडकीतूनच संत्री घेतली होती. केळवदला लावणी. ती लागताच सुमतीने पदर तोंडाला लावला होता आणि देवराव मुद्दाम मागे वळून वळून पाहत होता. पुढे एक भजन. ते देवरावने धोंडबांसाठी भरलं होतं, म्हणजे म्हाताऱ्याने विचारलंच तर भजनं ऐकत गेलो असं खोटं न बोलता सांगता यावं. सौंसरला कव्वाली. कव्वाली चालू असताना सुमतीने पेरू खाल्ला, तो रामाकोना येईपर्यंत बाधला, आणि रामाकोन्याला रस्त्याकडेला देवराव तिचा अंबाडा धरून उभा होता. गाडीत तेव्हा पावसाचं एक संथ गाणं एकटंच वाजत राहिलं. सेल जळत होते, तरी देवरावने त्या दिवशी पहिल्यांदाच ते बंद करायची घाई केली नाही.

"उसके बाद?" भैय्याजींनी विचारलं.

"त्याच्यानंतर सिल्लेवानीचा घाट."

"घाट में कौनसा?"

बळीरामने तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. घाटातलं गाणं होतं. होतं म्हणजे होतंच. चाल येत होती, अर्धीमुर्धी, बाईचा आवाज होता, हसू येत होतं. शब्दांच्या नावाने एक पेरू तेवढा आठवत होता. त्याने चाल गुणगुणून दाखवली. भैय्याजींनी डोळे मिटले, मान हलवली, डोळे उघडले.

"पेरू? गाने में पेरू? अरे बळीराम, ये गाना है का ठेला?"

मागे उभी असलेली दोन पोरं हसली. बळीरामला राग आला. त्याने पुन्हा गुणगुणलं, या वेळी मोठ्याने. मग घाट सोडून पुढची गाणी त्याने सांगून टाकली, तेव्हा भैय्याजींनी पाकीट पुढे सरकवून सरळ हिशेब सांगितला: उमरानाल्यापासून पचमढीपर्यंतची तू सांगितलेली सहा धरून एकूण बारा गाणी झाली, एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा. प्रत्येक बाजू तीस मिनिटांची, आणि दोन्ही काठोकाठ भरल्या. तेरावं घालायला जागाच नाही. तेव्हाही नव्हती.

"मी ऐकलं आहे," बळीराम म्हणाला.

"सपने में सुना होगा."

बारा गाणी भरून ठेवा, तेरावं मी शोधून आणतो, असं ठणकावून बळीराम निघाला. आणि तिथून पुढचे दिवस त्याने स्वतःचे आणि घरच्यांचे हाल केले. आता तो एका ट्रान्सपोर्टची मॅटॅडोर चालवत होता. क्लच दाबताना गुणगुणे, माल उतरवताना गुणगुणे, कामठीच्या नाक्यावर चहा घेताना टपरीवाल्याला ऐकवे. टपरीवाल्याने एक सांगितलं, ते नव्हतं. हमालाने एक सांगितलं, तेही नव्हतं. केशव नावाचा एक बँडवाला ओळखीचा होता, त्याच्याकडे जाऊन बसला. केशवने क्लॅरनेटवर चाल वाजवून पाहिली आणि म्हणाला, ही सिनेमाची नाहीच मुळी, ही लग्नात बाया म्हणतात तशी वाटते. बळीरामने त्यालाच वेड्यात काढलं. पचमढीच्या कॅसेटवर बायांचं गाणं कुठून येणार?

घरी धड बसवेना. ताटावर बसला की उठे, खाटेवर पडला की डावा पाय आपोआप क्लच दाबल्यासारखा हलत राही. प्रेमिलाने एकदा तो पाय हाताने दाबून धरला.

"एक गाणं कमी असलं तर वहिनीले काय समजते?" ती म्हणाली.

"तिले नाही समजलं तरी मले समजते ना."

हे खरं होतं आणि खोटंही होतं. खरी गोष्ट तो कोणाला सांगत नव्हता. देवराव गेल्यापासून भावाची आठवण काढायची म्हटली की त्याच्यापुढे दवाखान्यातली खाट येई, पिवळे डोळे येत. तो घाट मात्र देवराव धडधाकट असल्याचा घाट होता. तिथेच काहीतरी निसटलं होतं. भावाचं हसू कानात ऐकू येत होतं आणि भाऊ कशाला हसत होता तेच आठवत नव्हतं. याच्याइतकी चीड आणणारी गोष्ट दुसरी नसते.

बुधवारी धोंडबांनी मागावरूनच त्याला हाक मारली. म्हाताऱ्याला कळलं असावं. चार खोल्यांच्या घरात काय लपतं? त्यांनी तुटलेल्या सुताची दोन टोकं बोटांत पिळली, जोडली आणि त्याच्याकडे न पाहता म्हणाले, "गाठ दिसली तं चालते गा. सुटली तं नाही चालत." बळीरामने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

गुरुवारी छिंदवाड्याची फेरी आली. लोखंडी कपाटं पोचवायची होती. तशी ती फेरी दुसऱ्या ड्रायव्हरची होती, बळीरामने भांडून मागून घेतली. सात वर्षांत तो या रस्त्याने वीसेक वेळा गेला असेल, पण कान उघडे ठेवून एकदाही गेला नव्हता. कोराडी नाक्याला त्याने स्वतःच शिट्टी वाजवली. सावनेरला फाटक बंद नव्हतं, म्हणून त्याला उगीच वाईट वाटलं. केळवद, सौंसर. रामाकोन्याला पावसाचं संथ गाणं संपेपर्यंत त्याने मनातल्या मनात म्हटलं, आणि घाट लागला.

भरलेली मॅटॅडोर दुसऱ्या गिअरवर कण्हत चढत होती. चौथ्या वळणावर एक लहानसा पूल आहे, तिथे इंजिनाचा काटा लाल रेघेला टेकला. बळीरामने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, चाकाला दगड लावला आणि पाण्याचा डबा काढून बॉनेट उघडलं. वाफ वर गेली. एकदम शांत झालं.

त्या शांततेत तो डबा हातात धरून उभा राहिला. इथेच. याच पुलावर सेठची अँबॅसिडरही तापली होती. दिवस मावळत आलेला, खाली दरी, बॉनेटखाली काही दिसेना. गाडीत सेठची हातातली बॅटरी होती, पण तिच्यात सेल नव्हते. म्हणून देवरावने टेपाचं झाकण उघडलं, सेल काढून बॅटरीत घातले आणि ती बळीरामच्या हातात दिली.

म्हणजे टेप बंद होता. घाटात टेप वाजलाच नव्हता!

बळीराम पुलाच्या कठड्यावर बसला. मग बाकीचं एकामागून एक आलं, धक्का दिलेली गाडी सुरू व्हावी तसं. इंजिन थंड व्हायला अर्धा तास लागणार होता. सुमती वाघाच्या भीतीने गाडीतून उतरेना. देवराव म्हणाला, प्रत्येक ठिकाणी एक गाणं असा कायदा आहे, घाटाचं गाणं कोण म्हणतं? बळीराम गाढवासारखा म्हणतो, मी काय म्हणू, बायकांना विचारा. तेव्हा देवरावने तिला म्हटलं, नाव घे. सासरी आल्यापासून तिने त्याचं नाव एकदाच घेतलं होतं, तेही बायांनी दार अडवलं म्हणून. इथे ना सासू ना नणंद, वर डोंगर, खाली दरी. सुमतीने गाडीचं दार उघडलं, पाय बाहेर सोडले आणि जागच्या जागी जुळवून, लग्नातल्या चालीवर, चार ओळींचा उखाणा गायला. दिवसभराचा सगळा रस्ता तिने त्यात घातला होता. आणि शेवटच्या ओळीला देवराव इतका हसला, इतका खूश झाला, की त्याने दरीकडे तोंड करून ती ओळ ओरडून म्हटली.

शब्द सगळे आले, चारी ओळी. बळीराम त्या पुलावर एकटाच हसला आणि मग रडला. डोळे पुसले ते हाताला तेल लागलेलं विसरून, त्यामुळे आणखी झोंबले. कसंही असलं तरी एक मोठं ओझं उतरलं होतं: कॅसेट बाराच गाण्यांची होती, भैय्याजींचं बरोबर होतं, तेरावं वहिनीचं स्वतःचं होतं, ते तिच्याजवळ असणारच. आता कॅसेट द्यायची आणि निघायचं.

रविवारी सकाळी उमरेडमार्गे येष्टीने तो भिवापूरला उतरला. भैय्याजींनी भरून दिलेली कॅसेट शर्टाच्या खिशात, जुन्या डबीत घातलेली. डबीवरचा देवरावच्या हातचा, नुसतं पचमढी लिहिलेला कागद तोच. गावात शिरतानाच नाक चुरचुरू लागलं. प्रत्येक अंगणात मिरची वाळत होती. सुमतीच्या भावाचं घर ओळखायला कठीण गेलं नाही, कारण तिथे अंगणात मिरचीसोबत चार जास्तीच्या खाटा आणि शेजारून आणलेली मोठी भांडी दिसत होती. सुमती छपरीत बसून मिरचीची देठं खुडत होती. आधीपेक्षा वाळली होती. त्याला पाहताच पदर सावरून उठली, बाबा कसे आहेत, प्रेमिला कशी आहे, तुळजा सासरी रुळली का, सगळं एका दमात विचारलं. चहा आला. भावाने नुकताच टेप घेतला होता, तो तिने आतून आणून बाजेवर ठेवला.

बळीरामची अटकळ अशी होती की ती आपण निघाल्यावर ऐकेल. तिने त्याच्यासमोरच कॅसेट घातली.

शिट्टी वाजली. सुमती ऐकत होती. गाणं अर्ध्यावर आलं आणि तिची मान वर झाली. मग तिने टेप बंद केला, गाणं मागे नेलं, पुन्हा लावलं, आणि त्याच्याकडे पाहिलं.

"याच्यात शिट्टीनंतर टक् वाजत होतं, भाऊजी. तबकडी तिथं उडत होती. ते कुठं गेलं?"

देवरावने दोन संध्याकाळी उभं राहून निवडलेल्या तबकडीवर एक चरा होता, आणि सात वर्षांत भैय्याजींनी नवी तबकडी आणली होती. बळीरामने सगळ्याची तयारी केली होती, याची नव्हती. त्याने सगळं सांगितलं: मामा, काका, मास्तर, लाल बटण, भैय्याजींचं दुकान, सगळं. सांगताना तो मिरच्यांच्या ढिगाकडे पाहत होता.

सुमती बोलली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच बळीरामला जास्त लागलं.

"एवढीच मागतली होती मी तुमच्या घराले."

"माहीत आहे, वहिनी."

"मले गाणे नव्हते पाहिजे. गाणे रेडिओवर लागतात." तिने एक मिरची उचलली, देठ तोडलं, बाजूला टाकलं. मग एकेक सांगत गेली. पाट ठरल्यापासून महिनाभर तिला झोप नाही. घाटात तिने त्यांचं नाव घेतलं होतं, तो उखाणा आठवत नाही. संत्री आठवतात, पेरू आठवतो. रामाकोन्याच्या पुढे ती अडते. घरी ही कॅसेट लागली की रामाकोन्याचं गाणं संपल्यावर ते टेप थांबवायचे, तिच्याकडे पाहून हसायचे आणि मग पुढचं लावायचे. सासू-सासऱ्यांत ती काय म्हणणार? म्हणून ते पुन्हा कधी म्हटलंच नाही, आणि विसरलं. तिला वाटलं, तीच कॅसेट ऐकली, तिथेच थांबवली, तर पुढचं आपोआप येईल. उद्यानंतर ते आठवून उपयोग नाही, आठवूही नये. आज यायला पाहिजे होतं.

"उद्या मी दुसऱ्याची होऊन राहिली," ती म्हणाली. "माणूस चांगला आहे, माही तक्रार नाही. पण त्याच्या पहिले मले हे एकदा पुरं म्हणायचं होतं."

बळीराम उठून उभा राहिला. अंगणात दोन बाया धान्य निवडत होत्या, आत कोणी भांडी लावत होतं. तो पुन्हा बसला. बळीरामचा आवाज फुटक्या भोंग्याचा, शाळेतल्या प्रार्थनेतही मास्तर त्याला नुसते ओठ हलवायला सांगत. तरी त्याने म्हटलं, हळू, गुडघ्यावर बोटाने ठेका धरून:

"सावनेरात घेतली संत्री, सौंसरात घेतला पेरू,
रामाकोन्यात डोकं फिरलं, सांगा कोणाले धरू?
घाटात रुसली सेठाची गाडी, धूर गेला वर..."

आणि तिथे तो थांबला. शेवटची ओळ त्याच्या जिभेवर होती. म्हटली असती तर काम झालं असतं. पण ती त्याने म्हणायची नव्हती.

सुमतीच्या हातातली मिरची तशीच राहिली. तिचे ओठ हलले, थांबले.

"पुढचं तुमचं आहे, वहिनी," बळीराम म्हणाला. "नाव घ्या."

तीन वर्षांत तिला हे कोणी म्हटलं नव्हतं. विधवेला नाव घे म्हणत नाहीत, आणि उद्यापासून म्हणतील ते दुसऱ्या नावासाठी. अंगणातल्या बायांचे हात थांबले. सुमतीने त्यांच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पदर डोक्यावर नीट घेतला, लग्नाच्या घरात नाव घेताना घेतात तसा. बळीरामला वाटलं, नाही येत. त्याचा डावा पाय हलू लागला होता, तो त्याने हाताने दाबून धरला.

"देवराव हायेत संगं," ती म्हणाली, आणि आवाज फाटला. तिने श्वास घेतला आणि पुन्हा म्हटलं, या वेळी चालीवर, अंगणभर ऐकू जाईल असं. "देवराव हायेत संगं, तर इथंच माहं घर."

एक म्हातारी बाई उठून आली आणि सुमतीच्या पाठीवर हात ठेवून बसली. बळीरामने नाक पुसलं. मिरचीमुळे म्हणायची सोय होती, ती त्याने घेतली नाही, सरळ रडला.

थोड्या वेळाने त्याला सुचलं. कॅसेटचे कान याही वेळी तोडलेले नव्हते, भैय्याजींना त्यानेच नको म्हटलं होतं. बाजू काठोकाठ भरल्या असल्या तरी शेवटी चार ओळींपुरती कोरी पट्टी असेल. तो म्हणाला, वहिनी, पुन्हा एकदा म्हणा, टेप करून घेऊ.

"नको, भाऊजी," सुमती म्हणाली. डोळे ओले होते, तरी तोंडाचा एक कोपरा वर गेला. "तुमच्या घरी टेपवरचं टिकत नाही."

तिने कॅसेट काढून डबीत घातली आणि त्याच्या हातात दिली. तिकडे नेणार नाही असं लिहिलं होतं, तसं. तीनची गाडी होती. भाऊ पोचवायला निघाला. फाटकातून बळीरामने वळून पाहिलं. सुमती पुन्हा देठं खुडायला बसली होती, खाली मान घालून, आणि तिचे ओठ हलत होते. रामाकोन्याच्या पुढे ती अडली नाही.